तातडीची मदत: परदेशाची ऑफर मला, नवऱ्यासाठी पॅकेजमध्ये काय मागता येतं?

घोडबंदर_रोडवाली | ९ जून २०२५, रात्री ११:४८

नमस्कार. शुक्रवारपर्यंत एचआरला उत्तर द्यायचंय म्हणून थेट मुद्द्यावर येते. मला कंपनीकडून बाहेर जायची ऑफर आली आहे. पगार बरा आहे. पहिला महिना राहायची सोय, थोडं सामान विमानाने, वर्षातून एकदा तिघांचं येण्याजाण्याचं तिकीट, असं सगळं लिहिलंय. नवऱ्यासाठी मात्र पान चारवर एकच ओळ: पार्टनर सपोर्ट, एकदाच, १,५०० पर्यंत, बिलं दाखवून. बिलं म्हणजे भाषेचा क्लास किंवा सीव्ही करून देणारी एजन्सी. माणूस तेरा वर्षं नोकरी करतोय आणि त्याच्या वाट्याला एवढंच!

मुलीच्या शाळेची फी मागितली तर एचआर बघतो-सांगतो करतंय. ३ ऑगस्टला निघायचं. नवरा राजीनामा देऊन सोबत येईल आणि तिथे जाऊन शोधेल असं ठरलंय. अशा वेळी नवऱ्यासाठी आणखी काय मागता येतं? कोणाला मिळालंय का? प्लीज लवकर सांगा.

कोपरीचा_काका | १० जून, सकाळी ६:१५

ताई, देश कोणता? पंधराशे काय, रुपये? धागा दोनदा वाचला, दोन्ही गोष्टी सापडल्या नाहीत.

पामबीच_७७ | १० जून, सकाळी ८:०२

दुबई असेल तर डोळे झाकून जा. मी नऊ वर्षं काढली तिथे. पगारावर कर नाही. सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. बायको माझ्या व्हिसावर होती, तिने नंतर वर्क परमिट काढून नोकरी केली. नेरूळचा फ्लॅट त्यातूनच झाला. युरोपात निम्मा पगार सरकार खातं, हे लिहून ठेवा.

सुलेखा_ऐरोली | १० जून, सकाळी ९:३०

पामबीच, दुबईतल्या शाळेच्या फीबद्दल पण लिहा की. कर वाचतो तो तिथेच जातो.

धागाकर्ती, मी तुमच्या नवऱ्याच्या जागी होते. सिंगापूर, २०२२. नवऱ्याचा एम्प्लॉयमेंट पास, मी डिपेंडंट पासवर. आधी अशा बायकांना लेटर ऑफ कन्सेंटवर नोकरी करता यायची. १ मे २०२१ पासून ते बंद झालं, स्वतःचा वर्क पास लागतो. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही शोधलं नाही. मुलाखती छान व्हायच्या, पासचा विषय निघाला की समोरचा गप्प. अठरा महिने घरी बसले. भांडी घासताना ऐरोलीची ट्रान्स हार्बर आठवून रडले आहे, आणि त्या लोकलला मी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. त्यामुळे पैशांचं नंतर बघा. आधी विचारा की त्याला तिथे काम करायची परवानगी आहे का.

घोडबंदर_रोडवाली | १० जून, दुपारी १:२०

अरे हो, देश राहिलाच! नेदरलँड्स, आइंडहोवन. १,५०० युरो. दुबई नाही हो काका.

पामबीच_७७ | १० जून, दुपारी १:२६

मी काका नाही.

सायकलवाला_आइंडहोवन | १० जून, दुपारी ३:४०

मूळ कळव्याचा, इथे सहा वर्षं. सुलेखाताईंची भीती इथे लागू नाही. तुम्ही हायली स्किल्ड मायग्रंट म्हणून आलात की जोडीदाराच्या परवान्यावरच कुठलीही नोकरी करायची मुभा असते, वेगळा वर्क परमिट लागत नाही. पण आधी हे सांगा:

इथल्या कंपनीचा करार आहे की भारतातून डेप्युटेशन? मुलगी किती वर्षांची? आणि ३० टक्के रूलिंगचा, म्हणजे पगारावरच्या करसवलतीचा, उल्लेख ऑफरमध्ये आहे का?

घोडबंदर_रोडवाली | १० जून, दुपारी ४:०५

तिथल्या कंपनीचा करार, इथून राजीनामा. मुलगी नोव्हेंबरमध्ये चारची होईल. रूलिंग आहे, एचआर अर्ज करणार. पण ते माझं झालं. मी नवऱ्याचं विचारतेय.

सायकलवाला_आइंडहोवन | १० जून, रात्री ९:१५

मी पण नवऱ्याचंच सांगतोय. सविस्तर लिहितो.

बाहेरून आणलेल्या माणसाच्या पगाराचा ३० टक्के भाग पाच वर्षांपर्यंत करमुक्त देता येतो. २०२७ पासून हे २७ टक्के होणार. २०२५ साठी करपात्र पगार किमान ४६,६६० युरो हवा, आणि आधीच्या २४ महिन्यांपैकी १६ पेक्षा जास्त महिने डच सीमेपासून १५० किलोमीटरच्या पलीकडे काढलेले हवेत. ठाण्याला तो प्रश्न नाही. ही सवलत जोडप्याला नसते, ज्याच्या त्याच्या नोकरीवर असते. आणि मुख्य अट, माणूस बाहेरच्या देशातून घेतलेला हवा. करारावर सही करताना तो इथे राहत असेल तर तो इथलाच झाला.

आता तुमचा बेत बघा. नवरा ३ ऑगस्टला तुमच्यासोबत उतरणार, नगरपालिकेत नोंद करणार आणि ऑक्टोबरमध्ये नोकरी मिळवणार. त्याचं रूलिंग गेलं. तोच माणूस घोडबंदरच्या गॅलरीत बसून ऑनलाइन मुलाखती देऊन तिथेच सही करून आला, तर मिळू शकतं. पाच वर्षांत फरक किती पडतो ते एक्सेलमध्ये मांडा, पंधराशे युरो विसराल. आमच्या शेजारच्या जोडप्याचं नेमकं हेच झालं, ती तीन आठवडे आधी येऊन बसली होती.

शाळेचं: मुलगी चारची झाली की सरकारी शाळेत जाईल, फी नाही. इंटरनॅशनल शाळेत घालायचीच असेल तर रूलिंगसोबत कंपनी ती फी करमुक्त भरून देऊ शकते, पण तुम्हाला तिची गरज आहे का? ऑगस्ट ते नोव्हेंबर पाळणाघर लागेल, आणि तोच खर्च जिव्हारी लागतो. त्यावर सरकारी मदत आहे, पण ती दोघंही कमावते असतील तर. नवरा नोकरी शोधत घरी असेल तर पूर्ण बिल तुमचं.

निवृत्त_लेखापाल | ११ जून, पहाटे ५:३०

श्री. सायकलवाला यांनी तिकडचं सांगितलं. इकडचं कोणीच विचारत नाही. यजमानांची सध्याच्या कंपनीत किती वर्षं झाली?

घोडबंदर_रोडवाली | ११ जून, सकाळी ८:५०

तेरा वर्षं म्हटलं ना. या कंपनीत डिसेंबर २०२० पासून. लोकलमध्ये उभी आहे, घरी गेल्यावर नीट वाचते.

निवृत्त_लेखापाल | ११ जून, सकाळी ९:१०

मग झालंच! ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात आणि ती या डिसेंबरात होतात. मूळ पगार साठ हजार धरला तर १५ भागिले २६ गुणिले पाच, म्हणजे सुमारे १ लाख ७३ हजार रुपये. आणि यजमान जुलैत राजीनामा देऊन ते सोडून निघाले.

ब्रिजखालचा_वकील | ११ जून, सकाळी ११:००

काका, पाच वर्षं पूर्णच लागतात असं नाही. चार वर्षं आणि पाचव्यात २४० दिवस, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. पाच दिवसांचा आठवडा असेल तर १९० दिवस. डिसेंबर २०२० पासून मोजा, तो टप्पा आताच्या आता गाठला जातोय. नोटीस पीरियडचे दिवसही नोकरीतच धरतात.

निवृत्त_लेखापाल | ११ जून, सकाळी ११:२०

निकाल मलाही ठाऊक आहे. कंपनी मानेलच असं नाही, आणि आइंडहोवनला बसून कंट्रोलिंग ऑथॉरिटीकडे (ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणारा अधिकारी) केस कोण चालवणार? तुम्ही?

ब्रिजखालचा_वकील | ११ जून, सकाळी ११:२३

फी मिळाली तर मीच.

निवृत्त_लेखापाल | ११ जून, दुपारी १२:०५

असो. ताई, तुम्ही स्वतः ऑगस्टच्या सुरुवातीला गेलात तर या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरत नाहीत, अनिवासी ठराल, तिकडच्या पगारावर इथे कर नाही. फक्त दिवाळीला येऊन महिने काढू नका, ते दिवस धरतात. यजमान नोव्हेंबर-डिसेंबरात निघाले तर ते या वर्षी निवासी. त्यांना तिकडचं उत्पन्न इथल्या विवरणात दाखवावं लागेल. दोन देशांत करार आहे, तिथे भरलेल्या कराचं श्रेय मिळतं, पण कागद वाढतात. पीएफ घाईने काढू नका. बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची इथली खाती, करून घ्या. फ्लॅट भाड्याने देणार असाल तर मालक अनिवासी झाल्यावर भाडेकरूला ३० टक्क्यांच्या वर टीडीएस कापावा लागतो, हे त्याला आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच महिन्यात भांडण.

नौपाडा_नाका | ११ जून, दुपारी २:४५

म्हणजे आई तीन वर्षांची पोर टाकून पुढे जाणार आणि बाप इथे सांभाळणार? पैशासाठी काय काय करतात लोक.

सुलेखा_ऐरोली | ११ जून, दुपारी २:५२

बाप बोटीवर सहा-सहा महिने गेला तर त्याचा सत्कार होतो मंडळात. इथे बाप स्वतःच्या मुलीला सांभाळणार आहे, वाऱ्यावर सोडणार नाहीये.

नौपाडा_नाका | ११ जून, दुपारी ३:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पामबीच_७७ | ११ जून, दुपारी ३:३०

अवांतर: तिकडे कुकरच्या रबरी रिंगा मिळत नाहीत. चार घेऊन जा.

सायकलवाला_आइंडहोवन | ११ जून, दुपारी ४:१८

मिळतात.

ताई, मागायचं म्हणाल तर रकमेवर भांडत बसू नका, त्या छापील पॉलिसीच्या असतात. त्या वापरायच्या कशा, याच्या अटी बदलून घ्या. पार्टनर सपोर्ट निघण्याआधी भारतातूनच वापरता यावा, कारण नोकरी शोधायची ती तिथूनच. कुटुंबाची तिकिटं आणि सामान नंतरही चालावं. पाळणाघर लागलंच तर पहिले काही महिने कंपनीने अर्धं उचलावं. आणि ती परतफेडीची अट असते ना, ठरावीक काळात सोडलंत तर रिलोकेशनचे पैसे परत, ती महिन्यागणिक कमी होत जाणारी करून घ्या. पगाराची तुलना करताना ८ टक्के हॉलिडे अलाउन्स धरलाय की वरून आहे तेही विचारा. तो बहुतेक ठिकाणी मे महिन्यात एकदम येतो.

नवऱ्याच्या कंपनीचं ऑफिस इकडे आहे का?

घोडबंदर_रोडवाली | ११ जून, रात्री ११:३०

आहे ना, उत्रेख्तला. पण तिथे ट्रान्सफर मागितली तर मॅनेजर चिडेल, म्हणून त्याने विचारलंच नाही.

कोपरीचा_काका | १२ जून, सकाळी ६:०५

राजीनामा दिल्यावर मॅनेजर खूश होणार आहे का?

सुलेखा_ऐरोली | १२ जून, सकाळी ९:४०

काकांना +१. आजच्या आज विचारायला लावा.

घोडबंदर_रोडवाली | १३ जून, रात्री १०:१०

उत्तर दिलं एकदाचं. एचआरने शाळेची फी नाकारली, पाळणाघराचे अर्धे पैसेही नाकारले. पार्टनर सपोर्ट ठाण्यातूनच वापरायला परवानगी दिली, रक्कम तेवढीच. दोघांची तिकिटं ३१ मार्चपर्यंत कधीही. परतफेड दोन वर्षांची होती, ती आता महिन्याच्या हिशोबाने. हे सगळं ईमेलवर मागितलं, फोनवर "हो हो" म्हणत होते.

मी ३ ऑगस्टला एकटी जाते. नवरा आणि मुलगी डिसेंबरात, सासूबाई नौपाड्यातून रोज येणार आहेत. काल रात्री मुलीला सांगितलं तर तिने विचारलं की विमानात खिडकी कोणाची. एवढंच विचारलं. मी बाथरूममध्ये जाऊन आले.

नवऱ्याने मॅनेजरला विचारलं. तो चिडला नाही, म्हणाला उत्रेख्तच्या टीमला दोन माणसं हवीच आहेत. मंगळवारी पहिली मुलाखत. लेखापाल काका, ट्रान्सफर झाली तर ग्रॅच्युइटीचं काय होतं ते तो एचआरला विचारतोय, तुमचं गणित प्रिंट काढून घेऊन गेलाय.

आता नवीन घोळ. तिथल्या नोंदणीसाठी जन्माचे आणि लग्नाचे दाखले अपॉस्टील करून (परदेशात चालणारा सरकारी शिक्का मारून) लागतात. लग्नाचा दाखला ठाणे महापालिकेचा आहे, तो ठीक. नवऱ्याचा जन्म सांगलीतल्या शिराळ्याचा, आणि त्याच्या दाखल्यावर नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. खाली "मुलगा" आणि वडिलांचं नाव. हे ठाण्यातून होतं का कुठे?

कोपरीचा_काका | १४ जून, सकाळी ६:२०

नाही. जिथे नोंद आहे तिथेच नाव चढवून नवा दाखला घ्यावा लागतो, मग मंत्रालयातलं अटेस्टेशन, मग परराष्ट्र खात्याचं अपॉस्टील. यजमानांचा दहावीचा दाखला आणि आईवडिलांची ओळखपत्रं सोबत न्या. आणि जायचं तर याच महिन्यात जा. २९ जुलैला नागपंचमी आहे, त्या आठवड्यात शिराळ्यात पाय ठेवायला जागा नसते.