ब्रेक्झिट: आयातशुल्क शून्य, मग तोटा नेमका येतो कुठून?

मोजपट्टी

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून एकल बाजारपेठ (मालाचे सगळीकडे एकच नियम) व सीमाशुल्क संघ (आपसात शुल्क नाही, बाहेरच्या मालावर एकच शुल्क) या दोन्हींतून. दोघांमधल्या व्यापार करारात मालावर शुल्क नाही, कोटाही नाही. संघाला द्यायची वर्गणी वाचली, बाकीच्या जगाशी स्वतंत्र करार करायची मुभा मिळाली. तरीही ब्रिटनचं ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी (ओबीआर, अर्थव्यवस्थेचे अधिकृत अंदाज करणारी स्वतंत्र संस्था) दीर्घकालीन उत्पादकतेत ४ टक्के घट धरतं. शुल्क नाही तर ही घट येते कुठून? हे ४ टक्के कशाच्या तुलनेत? आणि फायद्याच्या रकान्यात पैशांत मोजता येईल असं काय आहे? सार्वभौमत्वाचा मुद्दा महत्त्वाचा असला तरी या चर्चेच्या धाग्यापुरता बाजूला ठेवूया.

वर्गमूळ

आधी ४ टक्क्यांचा अर्थ. ब्रिटनची अर्थव्यवस्था ४ टक्क्यांनी आकसली, असं ओबीआर म्हणत नाही. संघात राहिला असता तर साधारण पंधरा वर्षांनी उत्पादकता जिथे पोचली असती, त्यापेक्षा ती ४ टक्के खाली असेल, एवढंच त्याचं म्हणणं. मुळाशी दुसरं गृहीतक आहे: आयात आणि निर्यात मिळून जीडीपीशी जे प्रमाण असतं ते १५ टक्क्यांनी घटेल. व्यापार घटला की स्पर्धा घटते, कंपन्या ज्यात तरबेज आहेत तेवढंच करायचं सोडून सगळं थोडं थोडं करू लागतात आणि दर तासाचं उत्पादन मंदावतं. तोटा असा संथपणे झिरपतो, म्हणून एखाद्या तिमाहीच्या आकड्यात तो सापडत नाही.

वाद घालताना लोक हमखास २०१९ आणि २०२२ शेजारी ठेवतात. त्यातून काही कळत नाही, कारण मध्ये कोविड आणि गॅसच्या किमती आहेत. त्यापेक्षा बरी पद्धत म्हणजे २०१६ पूर्वी ब्रिटनसारखी चाल असलेल्या देशांना वजनं देऊन एक काल्पनिक, संघात राहिलेला ब्रिटन उभा करायचा आणि खऱ्या ब्रिटनशी त्याचं अंतर मोजायचं. हिची कमजोरीही सांगायला हवी. त्या मिश्रणात अमेरिकेला जास्त वजन मिळालं, तर अमेरिकेच्या स्वतःच्या तेजीमुळेही अंतर फुगतं.

आणखी एक. नुकसान २०२१ मध्ये सुरू झालं नाही. २३ जून २०१६ च्या मतदानाचा निकाल लागत असताना पाउंड काही तासांत १.५० डॉलरवरून १.३३ च्या आसपास आला. आयात महागली, आणि पुढचे नियमच ठाऊक नसल्याने कंपन्यांनी गुंतवणूक थोपवून धरली. त्यामुळे २०१९ ला पाया धरला की हा पहिला हप्ता हिशेबातून गळतो.

बिल ऑफ लेडिंग

तुमचा मूळ प्रश्न, शुल्क नाही तर तोटा कुठून. उत्तर कराराच्या अटींत आहे. शून्य शुल्क 'ब्रिटनमधून आलेल्या' मालाला नाही, 'ब्रिटनमध्ये बनलेल्या' मालाला आहे, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी व्यापाऱ्याची.

पेट्रोल मोटारीचं घ्या. बाहेरच्या देशांतून आलेल्या सुट्या भागांचं मूल्य ४५ टक्क्यांच्या वर गेलं की युरोपात १० टक्के शुल्क. युरोपातून आलेले भाग आपलेच धरता येतात, जपान किंवा चीनमधले नाहीत. कपड्यांत साधारणपणे नुसती शिलाई पुरत नाही, कापडही ब्रिटनमध्ये किंवा युरोपात विणलेलं लागतं. आशियातून कापड आणून ब्रिटनमध्ये शिवलेल्या सदऱ्यावर १२ टक्के लागतात. सगळ्यात जास्त फसले ते वितरक. चीनचा माल शुल्क भरून ब्रिटनच्या गोदामात आणायचा आणि तिथून आयर्लंडला पाठवायचा, तर शुल्क दुसऱ्यांदा भरावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे माल शुल्क न भरता बॉन्डेड गोदामात ठेवणं, नाहीतर गोदामच युरोपात हलवणं. बऱ्याच जणांनी दुसरा मार्ग धरला, आणि गोदामासोबत तिथल्या नोकऱ्याही गेल्या.

शुल्क मुळात दोन-तीन टक्केच असेल तर कंपन्या कागद जमवण्यापेक्षा ते भरून टाकतात. म्हणजे करारात शून्य, प्रत्यक्षात नाही.

आता प्राणिजन्य खाद्यपदार्थ. चीजचा एक ट्रक फ्रान्सला जायचा तर ईओआरआय क्रमांक (सीमाशुल्क खात्याकडचा व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक), मालाच्या वर्गीकरणाचा कोड, निर्यातीचं डिक्लरेशन, पलीकडच्या बाजूला आयातीचं डिक्लरेशन, सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र, युरोपच्या ट्रेसेस प्रणालीत आगाऊ सूचना, आणि तपासणी नाका असलेल्या बंदरातूनच प्रवेश. लाकडी पॅलेटवरसुद्धा उष्णताप्रक्रियेचा शिक्का हवा. गाडी अडते ती सहसा क्षुल्लक गोष्टीवर: प्रमाणपत्रातलं वजन आणि इन्व्हॉइसमधलं वजन जुळत नाही, सील क्रमांकात एक अंक चुकतो. एका ट्रकमध्ये दहा जणांचा माल असेल तर एकाच्या चुकीपायी दहाही जणांचा माल थांबतो. म्हणून वाहतूकदार असा मिश्र माल घ्यायला नाखूश असतात.

हा खर्च खेपेमागे आहे, किलोमागे नाही, हे नीट लक्षात घ्या. समजा कागद, एजंट आणि तपासणी मिळून एका खेपेला २०० पाउंड लागतात. ४०,००० पाउंडांच्या मालावर ते अर्धा टक्का झाले, १,००० पाउंडांच्या मालावर २० टक्के. मोठ्या कंपनीने तो पचवला. लहान कंपनीने युरोपची विक्रीच बंद केली, आणि बंद झालेली विक्री 'वाढलेला खर्च' म्हणून कुठल्याच वहीत दिसत नाही.

काही माल तर जातच नाही. ताजे (न गोठवलेले) सॉसेज संघाबाहेरच्या देशांतून घेतले जात नाहीत. 'ब' वर्गाच्या पाण्यातले जिवंत शिंपले आधी ब्रिटनमध्ये शुद्धीकरण टाक्यांतून काढावे लागतात. पूर्वी हे काम युरोपातला खरेदीदार करायचा. या धंद्याकडे शुल्काच्या तक्त्यातून बघितलं तर काहीच बदललेलं दिसत नाही.

उत्तरपक्ष

वरचं सगळं मान्य. पण फायद्याची बाजूही तेवढ्याच काटेकोरपणे मांडायला हवी, आणि ती दोन्ही बाजूंचे लोक बिघडवतात.

वर्गणी: बाहेर पडण्याच्या प्रचारात संघाला जाणारी रक्कम म्हणून मिरवलेला आठवड्याला ३५ कोटी पाउंड हा आकडा कधीच भरला जात नव्हता, कारण १९८४ मध्ये थॅचर यांनी मिळवलेली सूट आधीच वजा व्हायची. सूट आणि परत येणारा निधी वजा करता निव्वळ रक्कम वर्षाला ९ अब्ज पाउंडांच्या आसपास, म्हणजे जीडीपीच्या साधारण ०.४ टक्के. ती खरी बचत आहे. पूर्वी गोळा केलेल्या सीमाशुल्कातला ८० टक्के वाटा संघाला जायचा, तो आता स्वतःकडे राहतो.

नवे करार: सरकारचेच दीर्घकालीन अंदाज बघा. ऑस्ट्रेलिया ०.०८ टक्के, न्यूझीलंड ०.०३, सीपीटीपीपी (प्रशांत महासागराभोवतीच्या देशांचा व्यापार करार, ब्रिटनला १५ डिसेंबर २०२४ पासून लागू) ०.०६, आणि २४ जुलै २०२५ ला सही झालेला भारताबरोबरचा करार ०.१३. बेरीज ०.३० टक्के. शून्य नाही, पण शेजारच्या बाजारपेठेची भरपाई त्यातून होत नाही. अंतर वाढलं की व्यापार घटतो, हे जवळजवळ सगळ्या मालाला लागू आहे.

अमेरिकेचं शुल्क: २०२५ मध्ये ब्रिटनला १० टक्के लागले, संघाला १५. हा बाहेर असण्याचा थेट लाभ. मात्र संघाचे १५ टक्के बहुतेक मालासाठी मूळ शुल्क धरून होते, ब्रिटनचे १० मूळ शुल्काच्या वर. ज्या मालावर मूळ शुल्क ५ टक्के किंवा जास्त, तिथे ब्रिटनचा फायदा संपत होता. तरीही कमी शुल्काच्या मालात तो फायदा होताच आणि तो मोजला पाहिजे.

ब्रेक्झिटमुळे ब्रिटनला कोविडची लस लवकर मंजूर करता आली, हा दाखला मात्र सोडून द्या. २ डिसेंबर २०२० ची मंजुरी दिली तेव्हा ब्रिटनला युरोपीय कायदाच लागू होता आणि आपत्कालीन मंजुरीची तरतूद त्या कायद्यातही होती.

माझ्या मते खरी कमाई स्वतःचे नियम करण्यात होती, आणि तीच वापरली गेली नाही. सीई चिन्हाच्या (माल युरोपच्या नियमांत बसतो याची खूण) जागी स्वतःचं यूकेसीए आणलं, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली आणि २०२३ मध्ये बहुतेक मालासाठी सीई बेमुदत मान्य केलं. कारखानदारांना दोन चाचण्या नको होत्या. मोठ्या बाजारपेठेत विकायचं तर तिचे नियम पाळावेच लागतात, मग तुम्ही आत असा की बाहेर.

मोजपट्टी

सेवाक्षेत्र? ब्रिटनची ताकद तर तिथेच आहे.

वर्गमूळ

तिथे चित्र मिश्र. एका परवान्यावर सगळ्या संघात वित्तसेवा विकण्याची सोय २०२० अखेर संपली. जानेवारी २०२१ मध्येच युरोपातल्या शेअर्सच्या उलाढालीत ॲम्स्टरडॅमने लंडनला मागे टाकलं. सल्ला, जाहिरात, सॉफ्टवेअर यांची निर्यात मात्र वाढत राहिली. त्यांना सीमेवर ट्रक उभा करावा लागत नाही. अडचण येते ती माणूस प्रत्यक्ष जाणार असेल तेव्हा: व्यावसायिक पात्रतेची आपोआप मान्यता गेली, कामाच्या परवान्याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे. दौऱ्यावरच्या वादकांना आणि यंत्र बसवायला जाणाऱ्या तंत्रज्ञांना हे सर्वाधिक बोचतं.

बिल ऑफ लेडिंग

'परत न जाता खर्च कमी करता येईल का' हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून लिहितो. इथे लोक सीमाशुल्क संघ आणि एकल बाजारपेठ यांची गल्लत करतात. सीमाशुल्क संघाने मालाचं मूळ सिद्ध करण्याची कटकट जाते, आरोग्य तपासणी जात नाही. तुर्कस्तान औद्योगिक मालापुरता सीमाशुल्क संघात आहे, तरी बल्गेरियाच्या सीमेवर ट्रकच्या रांगा लागतात. एकल बाजारपेठेने नेमकं उलट होतं.

१९ मे २०२५ ला ब्रिटन आणि संघाने अन्न व वनस्पतींच्या तपासण्यांबाबत करार करायचं तत्त्वतः ठरवलं. तो झाला तर वरची पशुवैद्याची सही बहुतेक खेपांसाठी जाईल. त्याबदल्यात त्या क्षेत्रातले संघाचे नियम, पुढचे बदल धरून, पाळावे लागतील. त्याच दिवशी युरोपीय बोटींना ब्रिटनच्या पाण्यातली मासेमारी २०३८ पर्यंत वाढवून दिली गेली.

उरलेली अडचण नॉर्वेकडे बघून कळते. तो एकल बाजारपेठेत आहे, सीमाशुल्क संघात नाही. त्याचा सामन मासा सीमेवरच्या पशुवैद्यकीय तपासणीशिवाय संघात जातो, पण ताज्या माशावर शुल्क २ टक्के आणि धुरावलेल्यावर १३. त्यामुळे मासा नॉर्वेत वाढतो, आणि धुरावण्याचे कारखाने पोलंडमध्ये उभे राहतात.