मदत हवी आहे: आई एकटी म्युनिकला निघाली आहे – डिंकाचे लाडू, इन्सुलिन आणि तिकिटावरचं नाव

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीला नववा लागलाय, म्हणून आई (वय ६८) बाळंतपणासाठी म्युनिकला निघाली आहे. मुंबईहून दोहामार्गे, पुढच्या शुक्रवारी पहाटे. एकटीचा पहिलाच विमानप्रवास, त्यामुळे मला रात्री झोप नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न लाडवांचा. गेल्या वर्षी मामा दुबईला निघाले तेव्हा सामान आत गेल्यावर त्यांना परत बोलावून बॅग उघडायला लावली आणि खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवल्या. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते ना केबिनमध्ये चालत ना चेक-इनमध्ये, हे तेव्हा कळलं. पण डिंकाच्या लाडवात तेच खोबरं किसून, भाजून, गुळात मिसळलेलं असतं. तेही अडवतात का? कुणी अलीकडे नेले असतील तर नक्की सांगा.

त्यात तुपाची भर. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे तुपाची बरणी आणि पेढे मी आधीच यादीतून काढले. केक, बिस्किटं, चॉकलेट, मिठाया यांना सूट आहे. मग तुपातला लाडू मिठाईत धरतात की दुधाच्या पदार्थात? बहीण म्हणते, नुसता डिंक नि खारीक पाठव, तूप मी इथल्या लोण्याचं कढवते. आईला ते पटत नाही. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला लाडू घरूनच गेले पाहिजेत, असं तिचं म्हणणं, आणि मला ते मोडवत नाही.

दुसरं, इन्सुलिन. होल्डमध्ये गोठू नये म्हणून पेन हातातल्या बॅगेतच ठेवणार, सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. औषधांना १०० मिलीची अट नाही, हे माहीत आहे. पण गार ठेवायची जेलची पिशवी दोह्यापर्यंत वितळलेली असेल. तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी झाली तर ती काढून घेतात का?

तिसरं, नाव. पासपोर्टवर आणि व्हिसावर आईच्या नावापुढे बाबांचं नाव आहे. तिकीट काढताना मेहुण्यांनी ते गाळलं, फक्त नाव आणि आडनाव घातलं. विमान कंपनीवाले फोनवर 'चालेल हो' म्हणाले, पण लेखी द्यायला कुणी तयार नाही. काउंटरवर यावरून कुणाची अडवणूक झाली आहे का? पैसे भरून दुरुस्त करून घेऊ का?

व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. परतीचं तिकीट, ३०,००० युरोंचा विमा आणि बहिणीचं आमंत्रणपत्र यांच्या प्रती पर्समध्ये आहेत, पॉवरबँकही चेक-इनमध्ये टाकलेली नाही. आईला मराठी आणि मोडकंतोडकं हिंदी येतं, म्हणून एका पुठ्ठ्यावर इंग्रजी नि जर्मनमध्ये तिचं नाव, पुढचं विमान आणि बहिणीचा नंबर लिहून तो गळ्यात अडकवायला दोरी लावली आहे. दोह्याला व्हीलचेअरवाले पुढच्या गेटपर्यंत सोबत राहतात की मध्ये कुठे बसवून जातात, हेही कुणी सांगितलं तर त्या पुठ्ठ्यावर आणखी काय लिहायचं ते ठरवता येईल.

डिंक आणून ठेवलाय, सोमवारी तळायला घेणार आहोत. लाडवांचं तेवढं त्याआधी कळवा.