ॲप बंद झालं की तुटते, ती मैत्री कसली?

बार्शीकर
परवा पुतण्याशी वाजलं, ते इथे मांडतो. लॉकडाउनमध्ये हा रोज रात्री त्याच तिघांबरोबर पबजी खेळायचा. एक इंदूरचा, एक नांदेडचा, तिसरा कुठला ते यालाही धड माहीत नाही. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने एका फटक्यात 118 ॲप बंद केली, त्यात पबजी मोबाइल गेलं. 30 ऑक्टोबरला सर्व्हरही थांबले. त्यानंतर तिघांपैकी एकाचाही पत्ता नाही. आणि हा अजून म्हणतो, "काका, ते माझे जिवलग होते." ज्याचं खरं नाव माहीत नाही, ज्याच्या घरचा चहा कधी प्यायलो नाही, ज्याला अडीअडचणीला दवाखान्यात बोलावता येत नाही, तो जिवलग कसा? करमणुकीचे सोबती होते. करमणूक संपली, सोबत संपली. यात वाईट काही नाही, पण डोक्यावर घेऊन नाचू नका एवढंच म्हणणं.

पोचिंकीचा पाटील
काका, आधी खेळ समजून घ्या. स्क्वाड चौघांची असते. मला गोळी लागून मी नॉक झालो की जमिनीवर सरपटत राहतो, जीव घटत जातो. तेव्हा कुणीतरी उघड्यावर माझ्यापाशी येऊन मला उठवायचं. त्याला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ त्याला बंदूक चालवता येत नाही. मागून झोन, म्हणजे आकसत जाणारी जीवघेणी हद्द, येत असतो, समोरच्या छतावर कुणीतरी स्कोप लावून बसलेला असतो. मला सोडून पळणं सगळ्यात सोपं. त्याची रँकही वाचते. रोज रात्री कोण थांबतो आणि कोण मी मेल्यावर पडलेल्या माझ्याच सामानाच्या पेटीतलं हेल्मेट घालून निघून जातो, हे महिनाभर बघितलं की माणूस कळतो. ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरच्याबद्दल मला एवढं माहीत नाही.

बार्शीकर
थांबला, उठवलं, मान्य. पण नाही थांबला तर काय गेलं? पुढची मॅच लागते. ज्यात आपलं काहीच जात नाही त्यात माणसाची परीक्षा होत नाही, पाटील.

डोंबिवली फास्ट
काका, आमचे वडील वर्षानुवर्षं एकाच गाडीच्या एकाच डब्यातून सीएसटीला गेले. ग्रुप होता, भजनं, पत्ते, दसऱ्याला डब्याची पूजा. निम्म्या लोकांची आडनावंसुद्धा त्यांना माहीत नव्हती. रिटायर झाले, ग्रुप सुटला. तीही करमणूकच का?

बार्शीकर
आमच्याकडे लोकल नाही. बार्शी लाइट ही छोटी रेल्वे होती, तीही गेली. पण डब्यातला माणूस आठवडाभर दिसला नाही तर कुणीतरी चौकशी करतंच. चेहरा माहीत असतो. इथे 'ऑफलाइन' दिसतं, मेला का झोपला ते कळत नाही.

हिरवी मिरची
पुरुष मंडळी फार गोड बोलताय. एकदा माइक सुरू करून बाईचा आवाज ऐकवा आणि मग सांगा. पहिल्या मिनिटाला "मुलगी आहे का?", दुसऱ्याला इन्स्टा आयडी, नाही दिला की तिसऱ्याला शिव्या. मी बरेच दिवस मुलाच्या नावाने खेळले, माइक बंद, क्विक चॅटमधली तयार वाक्यं वापरून. एकदा घाईत चुकून माइक चालू राहिला आणि मी ओरडले, "मागे बघ!" चॅनेलवर शांतता. मग एक जण म्हणाला, "बरं. गाडी आण, झोन येतोय." बस, एवढंच. त्याच्याबरोबर आजही खेळते. त्याने फोटो मागितला नाही, मी कुठे राहते विचारलं नाही. आपल्याकडे चेहरा न बघता बाईशी बरोबरीने वागणारा माणूस भेटतो कुठे? काका, तुम्हाला जी उणीव वाटते, त्याच उणिवेमुळे माझी मैत्री झाली.

म्युनिकचा मंद्या
अभ्यासाचं बोलायचं तर काका निम्मे बरोबर आहेत. 2006 मध्ये कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि दिमित्री विल्यम्स यांनी असल्या खेळांवर निबंध लिहिला होता. घर नाही, ऑफिस नाही, अशी जी तिसरी जागा असते, आपल्याकडचा कट्टा म्हणा, तिच्यासारखे हे खेळ आहेत असं त्यांचं म्हणणं. ओळखी वाढतात, वेगळ्या वर्तुळातली माणसं भेटतात. पण मनाला खोल आधार मिळणं हे तिथे सहसा होत नाही, हेही तेच म्हणतात.

दुसरी बाजूही ऐका. नॉर्वेचा मॅट्स स्टीन. डुशेन स्नायुविकारामुळे व्हीलचेअरवर. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात तो इबेलिन नावाने वावरायचा, 'स्टारलाइट' नावाच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात. 2014 मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. पोरगं एकटंच राहिलं, मित्र म्हणून कुणी नाही, असं आईवडील धरून चालले होते. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि युरोपभरातून ईमेल यायला लागले. कुणाला त्याने नैराश्यात सांभाळलं होतं, एका आईला तिच्या मुलाशी पुन्हा बोलतं केलं होतं. गिल्डमधले काही जण देश ओलांडून अंत्यसंस्काराला आले.

बार्शीकर
वाचून गलबललं, खोटं कशाला बोलू. पण ते गिल्ड. वर्षानुवर्षं तीच माणसं, नुसतं मारामारी नाही, बसून गप्पा मारणारी. तुमचं पबजी अर्ध्या तासात संपतं आणि पुढच्या मॅचला भलतेच तिघे समोर. दोन्हींना एकच माप कसं लावता?

पोचिंकीचा पाटील
रँडममध्ये खेळलं तर भलतेच. ठरलेली स्क्वाड असली तर नाही. आणि गप्पा कधी होतात माहीत आहे? मॅच लागायच्या आधी, लॉबीत. चौथा जेवून येतोय म्हणून तिघे ताटकळलेले असतात, तेव्हा. नांदेडच्या एकाची बहीण एमपीएससीला किती गुणांनी राहिली ते मला लॉबीतच कळलं होतं.

आठवी ब
मी शाळेत शिकवते. मैत्री खरी की खोटी हा वाद तुम्हा मोठ्यांचा. माझ्या वर्गातल्या तेरा वर्षांच्या मुलाला गेममधल्या 'भैया'ने स्किन (पात्राचा, बंदुकीचा नवा साज) देतो म्हणून आयडी-पासवर्ड मागितला आणि याने दिला. वर "भैया असं करणारच नाही" म्हणून माझ्याशीच भांडला. 2023 मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीचं भारतातलं रूप, बंदीनंतर परत आलं तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. वर्गात विचारलं तर निम्मी पोरं मोठ्या भावाच्या खात्यावर. बाईचा आवाज ऐकून शिव्या देणारे, मिरचीताई, ते याच वयात तयार होतात.

हिरवी मिरची
बाई, शंभर टक्के. त्या वयाला अनोळखी व्हॉइस चॅट बंदच ठेवा. सेटिंगमध्ये फक्त टीमपुरता आवाज ठेवता येतो, टीम ओळखीची हवी.

बार्शीकर
एक प्रश्न राहतोच. मॅट्सने ब्लॉगचा पासवर्ड मागे ठेवला होता म्हणून वडिलांना बातमी टाकता आली. नसता ठेवला तर? ती सगळी माणसं "हल्ली खेळायला येत नाही" म्हणून विसरली असती.

पोचिंकीचा पाटील
म्हणून आता आमच्या चौघांत नियमच आहे. प्रत्येकाने घरातल्या एकाचा नंबर देऊन ठेवायचा. गेल्या वर्षी त्याचा उपयोगही झाला, एकाच्या भावाला ॲक्सिडेंट झाला तेव्हा. रक्ताची सोय आम्ही इथून फोनाफोनी करून केली.

हिरवी मिरची
पाटील, तुमचा नियम पोरांना ठीक. मी नंबर देणार नाही. आईचा तर नाहीच. माझ्या स्क्वाडमधल्या दोघांकडे माझा एक ईमेल आहे, त्यावर माझं आडनावही नाही. काकांच्या मापाने आमची मैत्री कच्ची ठरेल, ठरू दे. नाव-गाव सांगून बसण्याची चैन तुम्हाला परवडते.