ट्रंपेटचा दुसरा पिस्टन अडकतोय : घरीच दुरुस्त करू की कारागिराकडे देऊ?

नंदगड_ट्रंपेट

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, नंदगडजवळचा. घरात वडिलांचा ट्रंपेट आहे, मेरठचा. पुढचे दात पडल्यापासून वडिलांनी वाजवणं सोडलं आणि तो सहा-सात वर्षं माळ्यावर पेटीत पडून होता. गेल्या महिन्यात खाली काढताना माझ्या हातून निसटला, फरशीवर आडवा पडला.

आता दुसरा पिस्टन, म्हणजे बोटानं दाबायची कळ, दाबला की खालीच बसतो, बोटानं ओढून वर काढावा लागतो. ओठ लावायचं माउथपीस तर आधीपासूनच घट्ट बसलंय, हलत नाही. भोंग्याच्या कडेला रुपयाएवढा पोचा आहे आणि नळ्यांना धरून ठेवणारी एक पट्टी डाखावरून (सोल्डरच्या जोडावरून) सुटलीय.

बेळगावात एकांना दाखवला, त्यांनी सगळं मिळून 3,500 सांगितले. वर दहा-बारा दिवस लागतील म्हणाले. गावातला तांबट म्हणतो, दे इकडं, 300 रुपयांत पोचा काढतो आणि पट्टी झाळून देतो. तुळशीच्या लग्नानंतर चुलतभावाचं लग्न आहे. त्या वरातीत हाच ट्रंपेट वाजवायची माझी फार इच्छा आहे, वडील ऐकायला असतील म्हणून. काय करू?

निपाणीकर_कॉर्नेट

दादा, घरीच करा. मी 15 वर्षं बँडमध्ये आहे, आजवर कारागिराकडे दोनदाच गेलोय. ऐन लगीनसराईत वाद्य दहा दिवस अडकलं तर सुपारी जाते बगा, मग घर कसं चालायचं? पिस्टन रॉकेलनं धुवा, बारीक पॉलिश पेपर एकदा हलक्या हातानं फिरवा, चालू होतंय. पोच्याला आतून लाकडी गोल ठोकळा लावून दाबा. माउथपीस पक्कडीत धरून पिळला की निघतो.

कॅम्पातला_युफोनियम

बाळा, थांब. पक्कड आणि पॉलिश पेपर या दोन्ही गोष्टी आधी बाजूला ठेव, मग पुढचं वाच.

मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये 22 वर्षं युफोनियम वाजवलं, पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत शिकलो. तिथून आल्यावर पहिल्याच वर्षी मी अडकलेलं माउथपीस पक्कडीनं पिळलं. माउथपीस निघालं नाही, पण त्याच्या पुढची नळी पिळवटून पट्टीपासून उखडली. ते वाद्य माझ्या आधी दोघांनी जपून वाजवलेलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून पोटतिडकीनं सांगतोय.

माउथपीस काढायला पुलर नावाचं छोटं यंत्र मिळतं. दोन्ही बाजूंनी स्क्रू सारखे आवळत गेलं की माउथपीस सरळ रेषेत बाहेर येतं, नळीला पीळ बसत नाही. माझ्याकडे आहे. आदल्या रात्री सांध्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोड आणि रविवारी ये घेऊन.

आता पिस्टन. तू म्हणतोस आडवा पडला आणि नेमका दुसराच अडकतोय. दुसऱ्या पिस्टनची छोटी स्लाइड, म्हणजे ओढून काढता येणारी वाकडी नळी, बाजूला बाहेर आलेली असते. ट्रंपेट आडवा पडला की फटका पहिल्यांदा तिलाच बसतो आणि ती आत रेटली जाऊन पिस्टनच्या घराला, म्हणजे तो ज्या नळकांड्यात वर-खाली होतो त्याला, दाबते. घर केसभर वाकलं तरी पिस्टन अडकतो. पण सहा-सात वर्षं माळ्यावर होता, तेव्हा नुसतं वाळलेलं तेल आणि कळंकही असू शकतं. हे तुला घरीच कळेल. वरचं टोपण सोडवून पिस्टन काढ, कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून धू, घराच्या आतून मऊ कापड फिरव. धोतराचा जुना तुकडा सगळ्यात चांगला, धागे सुटत नाहीत. वर नंबर कोरलेला असतो, 1-2-3. एकाच्या घरात दुसरा बसवलास तर फुंक पुढं जाणार नाही. मग पिस्टनसाठी मिळणारं व्हॉल्व्हचं पातळ तेल घालून बघ. तरीही एकाच ठिकाणी घासत असेल आणि पिस्टनवर चकचकीत रेघ उमटत असेल, तर घर वाकलंय. तिथून पुढं तुझा हात लागता कामा नये.

निपाणीकर, तुमची अडचण मला कळते, सुपारी गेली की चूल थंडावते. पण पिस्टन आणि घर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. पॉलिश पेपरनं ती वाढते, फुंक गळायला लागते, वरचे स्वर बसतात. आज चालू झालं असं वाटतं, पण झिजलेलं पितळ परत येत नाही. मग पिस्टनवर नव्यानं मुलामा चढवून घासून बसवावा लागतो आणि ते काम 3,500 मध्ये होत नाही.

तांबटाबद्दल. त्याच्या हाताला मी नाव ठेवत नाही, आमच्या घरचे हंडे-घागरी त्यांनीच सांभाळले. पण ट्रंपेटच्या पट्ट्या मऊ डाखानं जोडलेल्या असतात, तो 200 अंशांच्या आसपास वितळतो. झाळकामाची आच त्याच्या कितीतरी पट. एक पट्टी झाळताना शेजारचे सांधे सुटतील, नळीचं पितळ मऊ पडेल. पट्टी जाणकारालाच दे. भोंग्याचा पोचा राहू दे, तिथल्या एवढ्याशा पोच्यानं आवाजाला फरक पडत नाही. माउथपीसच्या पुढच्या नळीत पोचा असता तर गोष्ट वेगळी होती.

आणि त्या नळीवर गुलाबी ठिपके आहेत का बघून सांग. ओल आणि थुंकीनं पितळातलं जस्त निघून जातं आणि नुसतं तांबं मागं राहतं, म्हणून तो रंग. तसं असेल तर नळी आतून खाल्लेली असते.

नंदगड_ट्रंपेट

काका, ठिपके नाहीत, उजेडात नीट बघितलं. पिस्टन धुतला. पहिला आणि तिसरा छान चालतात, दुसरा अजून अडकतो आणि तुम्ही म्हणता तशी रेघ दिसते. व्हॉल्व्हचं तेल इथं मिळालं नाही. खोबरेल चालेल काय?

कॅम्पातला_युफोनियम

नको. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं. मार्गशीर्षात पहाटे बेळगावची थंडी माहीत आहे ना, वरातीत तिन्ही पिस्टन जाम होतील. माझ्याकडची बाटली नेशील. आणि लग्नात गोड खाल्लंस तर फुंकायच्या आधी चूळ भर, साखर थेट आत जाते.

निपाणीकर_कॉर्नेट

काका, पॉलिश पेपरचं पटलं. माझ्या कॉर्नेटचा वरचा सा दोन वर्षांपासून बसतोय, मला वाटलं ओठ थकले. तो पण घेऊन येऊ काय ओ रविवारी?

कॅम्पातला_युफोनियम

या की. एक साधी खूण घरीच बघा : पिस्टन न दाबता त्याची स्लाइड ओढून काढा. 'पॉप' असा आवाज आला तर फुंक टिकतेय.

निपाणीकर_कॉर्नेट

पहिल्याला आला, तिसऱ्याला नाही.

नंदगड_ट्रंपेट

काल काकांकडे जाऊन आलो. पुलरनं माउथपीस पाच मिनिटांत निघालं, नळीला काही झालं नाही. पिस्टनचं घर आणि पट्टी एवढंच काम बेळगावच्या त्या कारागिरांकडे दिलंय, त्यांनी 1,800 सांगितले. पोचा ठेवलाय. वडिलांना विचारलं तर म्हणाले, तो पोचा आधीचाच आहे, एका वरातीत बैलगाडीच्या जोखडाला लागला होता, काढू नकोस.