कारायान आणि बीथोवनच्या सिंफनी: कोणता संच आधी ऐकावा?

प्रश्न
वाद्यवृंद-संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांनी बीथोवनच्या नऊही सिंफनींचे (वाद्यवृंदासाठीच्या, अनेक भागांच्या रचनांचे) स्टुडिओ-ध्वनिमुद्रण चार वेळा केले. पहिला संच १९५० च्या दशकात लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबर झाला आणि पुढचे तीन साठ, सत्तर व ऐंशीच्या दशकांत बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर झाले. यांपैकी एकच संच नीट, वारंवार ऐकायचा असेल, तर तो कोणता असावा आणि का? कारणांसह सांगितल्यास मी आपला आभारी राहीन.

प्रतिसाद १
माझ्या मते १९६१-६२ चा संच, आणि त्यातही आधी पाचवी सिंफनी. तिसऱ्या भागातून चौथ्या भागात जाताना तंतुवाद्ये एक लांब स्वर धरून ठेवतात आणि टिंपनी (नगाऱ्यासारखे तालवाद्य) त्याखाली अगदी हलकेच ठोके देत राहते. बीथोवनने आवाज चढवण्याची सूचना केवळ शेवटच्या आठ बारसाठी (बार म्हणजे तालाचे एक छोटे आवर्तन) लिहिली आहे. कारायान तोवर तसूभरही आवाज वाढू देत नाहीत, म्हणूनच या सिंफनीत प्रथमच ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये वाजू लागतात तेव्हा सारे दालन उजळल्यासारखे वाटते. हे ध्वनिमुद्रण बर्लिनच्या डालेम भागातील येशू-ख्रिस्त चर्चमध्ये झाले, कारण नवे फिलहार्मोनी सभागृह १९६३ मध्ये खुले झाले. त्या चर्चमधील घुमारा वाद्यांना ऊब देतो, पण तंतुवाद्यांची धार बोथट करत नाही.

प्रतिसाद २
निवडीशी सहमत आहे, परंतु ‘एरोइका’विषयी, म्हणजे तिसऱ्या सिंफनीविषयी, एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहिल्या भागासाठी बीथोवनने मिनिटाला साठ बारची लय दिली आहे. या भागात ६९१ बार आहेत. सुरुवातीच्या विभागाची लिहिलेली पुनरावृत्ती न घेता त्या लयीत तो साडेअकरा मिनिटांत संपला पाहिजे. कारायान पुनरावृत्ती गाळतात, तरीही त्यांना सुमारे पावणेपंधरा मिनिटे लागतात. असे असूनही वादन रेंगाळत नाही, कारण खालच्या स्वरांची तंतुवाद्ये, म्हणजे चेलो आणि डबल बास, लय सतत पुढे रेटत असतात. ‘पास्टोरल’ ही सहावी सिंफनी मात्र या संचात मला फार घाईची वाटते, आणि तिसऱ्या भागातील पुनरावृत्ती गाळल्याने गावकऱ्यांचे नृत्य रंगण्याआधीच चौथ्या भागातील वादळ येऊन ठेपते. त्या एका सिंफनीसाठी फिलहार्मोनियाचा जुना संच जरूर ऐकावा.

प्रतिसाद ३
नवव्या सिंफनीसाठी मी सत्तरच्या दशकातील संचाची बाजू घेईन. तिच्या शेवटच्या भागात खालच्या पट्टीतले गायक योझे फान दाम यांचा गायनप्रवेश भारदस्त आहे आणि त्यातील प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो. तरीही १९६२ च्या नवव्या सिंफनीतील सोप्रानो (उंच पट्टीतल्या गायिका) गुंडुला यानोविट्स यांचा निर्मळ, ताण न जाणवणारा वरचा सूर पुढे कारायान यांना पुन्हा लाभला नाही, हे मला मान्य करावे लागते. ऐंशीच्या दशकातील डिजिटल संच सर्वांत शेवटी ऐकावा; त्यात आवाज कोरडा व टोचरा वाटतो.