मदत हवी आहे: कॅमेरा बॅगेतच असतो, तरी संध्याकाळपर्यंत बॅटरी शून्य

मुलुंडकर_कॅमेरावाला

मंडळी, महिनाभर डोकं फोडून झालं, आता धागा काढतोय.

कॅमेरा डीएसएलआर, पाच वर्षं जुना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले पन्नास प्रतिसाद "तरी सांगत होतो, दुसरा घे" यातच जातील. लेन्स सोबत आलेली झूमच, स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) असलेली.

राहतो मुलुंडला, ऑफिस फोर्टात. पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा कॅमेरा बरोबर नेतो. सुटल्यावर मरीन ड्राइव्हला भरतीच्या लाटा टिपायच्या म्हणून. रात्री बॅटरी फुल चार्ज करतो, सकाळी निघताना बघतो, १०० टक्के. दिवसभर कॅमेरा बॅगेत, बॅग डेस्कखाली. संध्याकाळी कट्ट्यावर बसून कॅमेरा काढावा तर बॅटरीची खूण लुकलुकतेय. परवा साडेचार मीटरच्या वर भरती होती. तीन फोटो निघाले आणि कॅमेरा गेला. तिसऱ्यात लाट नाहीच, एका काकांची उलटी झालेली छत्री आहे.

मेनूत बॅटरीची माहिती दिसते. त्यात चार्ज केल्यापासूनचे फोटो ५, चार्ज ४ टक्के. पाच फोटोंत ९६ टक्के?

केलेले उपाय: सेटिंग्ज रीसेट, कार्ड फॉरमॅट, स्क्रीनचा उजेड कमी. दुसरी एक थर्ड पार्टी बॅटरी आहे, तिचीही तीच गत. ती हल्ली कप्प्यात जरा घट्ट बसते. सर्व्हिसवाल्यांना विचारलं, तर न उघडताच "मदरबोर्ड असेल" म्हणाले आणि जो आकडा सांगितला त्यात सेकंडहँड बॉडी येईल.

आणखी एक, संबंध आहे की नाही माहीत नाही. कार्डावर मधूनच एखादा पूर्ण काळा फोटो सापडतो. झाकण काढायला विसरलो असेन म्हणून डिलीट करतो.

घरी सल्ला मिळाला, "मग बॅटरी काढून ठेवत जा ना." बरोबर आहे, पण मला कारण हवंय.

बुरशीग्रस्त

मुंबईचा पावसाळा, दुसरं काय. हवेतली ओल कॉन्टॅक्टवर बसते आणि करंट गळतो. बॅटरीची आणि कप्प्यातली टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रात्री कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. माझ्या एका लेन्समध्ये बुरशीची नक्षी उठली, तेव्हापासून मी लोणच्यापेक्षा जास्त काळजी कॅमेऱ्याची घेतो.

तारतंत्री

ओलीमुळे टोकं खराब होतात हे खरं, पण त्याने कॅमेरा चालू व्हायला कुरकुर करेल. फुल बॅटरी दहा तासांत रिकामी होणार नाही. तेवढी गळती झाली असती तर कप्प्यात हिरवट थर दिसला असता.

मदरबोर्डचं नाव घ्यायच्या आधी फुकटची तपासणी करा. बॅटरी फुल चार्ज करून कॅमेऱ्याबाहेर दोन दिवस ठेवा आणि मग टक्के बघा. लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून महिन्याला काही टक्केच उतरते. दोन दिवसांत बाहेरच उतरली तर दोष बॅटरीचा. बाहेर टिकली आणि बंद कॅमेऱ्यात घरच्या कपाटात उतरली, तर कॅमेरा खातोय. मल्टिमीटर असेल तर व्होल्टेजही बघा. डीएसएलआरच्या बहुतेक बॅटऱ्यांत दोन सेल असतात, वर ७.२ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी फुल चार्जला ८.४च्या आसपास दिसतं. मीटरची टोकं एकमेकांना टेकवू नका म्हणजे झालं.

ब्लूटूथही तपासा. काही मॉडेल्स कॅमेरा बंद असतानासुद्धा फोनला फोटो पाठवत बसतात, मेनूत तसा पर्याय असतो. कॅननच्या ६डीमध्ये (२०१२) जीपीएस चालू ठेवलं, तर स्विच ऑफ केल्यावरही ते सिग्नल घेत राहतं, मॅन्युअलमध्येच लिहिलंय. म्हणजे "ऑफ" म्हणजे ऑफ असं समजू नका. एअरप्लेन मोड लावून दोन दिवस ठेवा, मग न लावता दोन दिवस.

आरसा_नको

मिररलेस (डीएसएलआरमधला आरसा नसलेला कॅमेरा) घ्या, सगळे प्रश्न सुटतील.

तारतंत्री

@आरसा_नको, बॅटरीच्या धाग्यावर मिररलेस? स्क्रीन आणि सेन्सर सतत चालू ठेवणारा कॅमेरा बॅटरी जास्त खाणार की कमी? सोनीने एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरीच्या १०२० एमएएच क्षमतेवरून एनपी-एफझेड१००मध्ये २२८० वर उडी मारली ती काय हौस म्हणून?

मुलुंडकर_कॅमेरावाला

उशिरा उत्तर देतोय, कारण सांगितलेलं सगळं रीतसर केलं.

बॅटरी बाहेर, दोन दिवस: १०० ची १००. कॅमेऱ्यात, कपाटात, एअरप्लेन मोड लावून दोन दिवस: ९९. एअरप्लेन मोड काढून, ब्लूटूथ चालू ठेवून दोन दिवस: ९३. म्हणजे ब्लूटूथ खातोय, पण चिमणीएवढं. मल्टिमीटरवर ८.३७. टोकं पुसली, चकचकीत होतीच.

आणि आज पुन्हा ऑफिसला नेला, एअरप्लेन मोड लावून. संध्याकाळी ११ टक्के. आता तर मला भुताटकीचा संशय येतोय.

सव्वाआठची_फास्ट

दादा, दोन प्रश्न. रविवारी कॅमेरा नेता तेव्हाही असंच होतं का? आणि तो काळा फोटो पुन्हा आला तर डिलीट न करता त्याची वेळ सांगाल?

मुलुंडकर_कॅमेरावाला

रविवारी येऊरला जातो स्कूटरवरून. तिथे एका चार्जवर पाचशे-सहाशे फोटो आरामात निघतात. हे आधी सांगायला हवं होतं का?

काळा फोटो कालच आलाय, बघून सांगतो.

सकाळी ८:५२. म्हणजे मी गाडीत. कुर्ला गेलं असेल नुकतंच.

सव्वाआठची_फास्ट

हो, आधी सांगायला हवं होतं :)

कॅमेरा कपाटात टिकतो, येऊरला टिकतो, ऑफिसच्या दिवशीच मरतो. मग बिघाड कॅमेऱ्यात शोधण्यात अर्थ नाही, प्रवासात शोधा. गर्दीत बॅग पाठीवर ठेवता की पोटाशी?

मुलुंडकर_कॅमेरावाला

पोटाशीच. पाठीवर ठेवून चढलो तर लोक बॅगेसकट बाहेर काढतील.

सव्वाआठची_फास्ट

मग ऐका. बऱ्याच डीएसएलआरवर ऑन-ऑफचा स्विच म्हणजे शटर बटणाभोवतीची फिरती कडी असते. घट्ट फोमच्या कप्प्यात कॅमेरा कोंबताना ती सहज फिरते. एरवी नुसता चालू राहिला तरी काही सेकंदांत कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर झोपतो आणि कॅमेरा फार खात नाही. पण शटर बटण अर्धवट दाबलेलं राहिलं तर झोपत नाही. मीटर जागा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू, आणि लाटांसाठी तुम्ही कॅमेरा सतत फोकस करत राहणाऱ्या मोडवर ठेवत असाल तर मोटर बॅगेतल्या अंधारात फोकस शोधत पुढे-मागे करत बसते. समोरच्याची पाठ जरा जोरात रेलली की बटण पूर्ण दाबलं जातं आणि येतो काळा फोटो, ८:५२.

गाडीतल्या पन्नास मिनिटांत एवढी बॅटरी जाणार नाही, हे मलाही खटकतंय. ऑफिसात बॅगेत कॅमेऱ्यावर काय असतं?

मुलुंडकर_कॅमेरावाला

डबा.

तारतंत्री

हाहा! मदरबोर्ड नव्हे, स्टीलचा डबा.

जोडूनच, कोणी माझ्याशी वाद घालायच्या आधी: एकदाच फोकस करणाऱ्या मोडमध्ये बहुतेक कॅमेरे फोकस लागल्याशिवाय फोटो काढत नाहीत, सतत फोकसमध्ये काढतात. म्हणून काळे फोटो दिसले तरी. हा गडी दुसऱ्या मोडमध्ये असता तर एकही पुरावा उरला नसता.

बुरशीग्रस्त

तरी सिलिका जेल ठेवाच.

मुलुंडकर_कॅमेरावाला

मंडळी, सापडलं.

सोमवारी मुद्दाम काही बदललं नाही. भायखळ्याला जरा मोकळं झाल्यावर बॅगेची चेन उघडून आत डोकावलो. कडी ऑनवर, वरची छोटी स्क्रीन जागी, आणि लेन्सचा भाग आपला आपण थोडा थोडा हलतोय. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "काही जिवंत आहे का आत?" ऑफिसात पोचल्यावर बॅग उघडली तर डब्याचं झाकण बरोब्बर बटणावर टेकलेलं. दुपारी एकला डबा काढतो तोवर चार तास.

मंगळवारी कॅमेरा उलटा ठेवला, बटणाची बाजू फोमच्या तळाला जिथे खाच पाडलीय तिकडे, आणि डबा वेगळ्या पिशवीत. संध्याकाळी ९९. बुधवारी ९८. गुरुवारी भरती होती, १८० फोटो काढून घरी आलो तेव्हा ७०च्या वर शिल्लक. ब्लूटूथ गरज असेल तेव्हाच चालू करतो.

@सव्वाआठची_फास्ट, तुमची गाडी तीच असेल तर एक कटिंग माझ्याकडून. सर्व्हिसवाल्यांना मी काही कळवलेलं नाही.

एक शंका राहिली. ती थर्ड पार्टी बॅटरी जी घट्ट बसते म्हणालो होतो, ती टेबलावर ठेवली तर डुगडुगते. मधून थोडी फुगल्यासारखी.

तारतंत्री

ती आता कॅमेऱ्यात घालूच नका, कप्प्यात अडकली तर खरंच बॉडी उघडावी लागेल. चार्जही करू नका. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण तुमच्या बॅटरीवर उत्पादकाचं नाव तरी आहे का?

आणि प्रवासात सुटी बॅटरी नेणार असाल तर प्लास्टिकच्या टोपीसकट. खिशात सुट्या नाण्यांबरोबर नको, नाण्याने दोन टोकं जोडली गेली तर मांडी भाजेल.

मुलुंडकर_कॅमेरावाला

नाव आहे, पण स्पेलिंग चुकलंय.

सव्वाआठची_फास्ट

कटिंग मान्य. पुढून तिसरा डबा, दाराच्या डाव्या बाजूला. बॅग मीही पोटाशीच धरतो.