वडलांना उन्हाचा त्रास होतोय, लवकर सांगा (सोलापूर)

घरकुलचा_पोऱ्या:
तीन दिवस झाले वडील कामावरून आले की डोकं धरून बसतायत, पायात गोळे येतात, काल तर मोरीत चक्कर आली. घर पत्र्याचं, रात्री अकराला पण पत्रा चटका देतो. लिंबू सरबत झालं, खिशात कांदा झाला. सुट्टी घ्या म्हणू नका, मिळत नाही.

साखरपेठकर:
वय काय, काम काय, उन्हात का आत? काहीच लिहिलं नाही की ओ.

जुळे_सोलापूरची_मावशी:
पत्र्यावर चुना मार दोन हात. आमच्या वरच्या खोलीला मारला, फरक पडतो बाळा.

घरकुलचा_पोऱ्या:
56. उन्हात नाही, यंत्रमागावर आहेत.

जुना_लूमवाला:
मग नुसतं ऊन नाही हे. सूत तुटू नये म्हणून शेडात हवा ओली ठेवतात, खिडक्या बंद, पंखा लावला की तूस उडतं. घाम गळतो पण वाळत नाही, मग अंग थंड होणार कसं? मी टॉवेलच्या कारखान्यात चौदा वर्षं काढलीत. तहानेची वाट न बघता थोड्या थोड्या वेळानं पाणी, आणि मधे दहा मिनिटं दाराबाहेर सावलीत.

देशी_उपाय:
कांदा खिशात ठेवून काय होतंय बे, रस तळपायाला चोळायचा असतो!!

नर्सताई:
कांदा भाकरीबरोबर खा. ओआरएसचं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात टाकायचं, ग्लासात चिमूटभर नाही. बीपी-शुगर आहे का?

घरकुलचा_पोऱ्या:
बीपीची गोळी चालूच आहे ना.

नर्सताई:
हे आत्ता सांगतोस! काही बीपीच्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यात एवढा घाम. आजच डॉक्टरांना दाखव, मनानं बंद करू नको, ओआरएस चालेल का तेही विचार, त्यात मीठ असतं. आणि अंग भट्टीसारखं तापलं, बरळायला लागले तर सरबत पाजत बसू नको, 108 लाव, गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घाल. तापाची गोळी देऊ नको, हा तो ताप नाही.

कूलरवाला_भाऊ:
डेझर्ट कूलर घ्या, विषय संपला.

साखरपेठकर:
नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, कूलरला काय पाजू? उजनी भरलं तरी आपली घागर रिकामीच.

कूलरवाला_भाऊ:
बोअर मारा मग.

घरकुलचा_पोऱ्या:
गोळ्यांचं पाकीट बघितलं, नावाचा तुकडाच फाटलाय. सहाला सुटले की पाकिटासकट डॉक्टरकडे नेतो. मावशी, बारा बाय दहाच्या पत्र्याला चुना किती लागेल?